आरशाची पाठ

संग्रहालयात चिनी किंवा कोरियन कांस्य आरसा पाहायला जावे, तर बहुधा त्याची पाठच पाहायला मिळते. नक्षी तिथेच असते आणि झिलईची बाजू मातीत राहून हिरवी पडलेली असते, त्यामुळे इलाजही नसतो. पण नक्षी म्हणजेच आरसा असे एकदा धरले, की सगळे आरसे ‘शोभेच्या वस्तू’ या एकाच पाटीखाली जातात आणि कोरियाचा आरसा चीनचा धाकटा भाऊ ठरतो.

हान काळातील चिनी आरशाची पाठ बोलकी, किंबहुना बडबडी असते. मधल्या घुंडीभोवती चौकोनी पृथ्वी, कडेला गोल आकाश, चार दिशांचे प्राणी आणि त्यांच्याभोवती अक्षरे. त्या अक्षरांत चक्क जाहिरातही आढळते: धातू अव्वल, वापरणाऱ्याला दीर्घायुष्य, मुलाबाळांना मोठी सरकारी पदे! पुढे तांग काळात पश्चिमेकडून आलेली द्राक्षे पाठभर पसरली आणि वेलींत सिंहासारखे प्राणी खेळू लागले. सम्राट शुआनत्सुंग तर आपल्या वाढदिवशी दरबाऱ्यांना आरसे वाटत असे.

आता सोलच्या सुंगसिल विद्यापीठाच्या संग्रहालयातला आरसा पाहावा. इसवी सनापूर्वी ४थ्या-३ऱ्या शतकाच्या सुमाराचा, जेमतेम २१ सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर प्राणी नाही, अक्षर नाही. आहेत त्या केवळ रेषा, १३ हजारांहून अधिक. त्रिकोणांत आणि वर्तुळांत बसवलेल्या, दोन रेषांमधले अंतर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. हे कोरीवकाम नव्हे, ओतकाम आहे. तेही बारीक वाळूच्या साच्यातले, असा संवर्धनाच्या वेळी झालेल्या तपासणीचा निष्कर्ष. धातूत सुमारे एक तृतीयांश कथील. एवढ्या कथिलाने कांसे पांढरे होऊन लखलखते, पण काचेसारखे ठिसूळही होते. (केरळात आरनमुळाचे ओतारी याच जातीच्या धातूचे आरसे आजही घडवतात.) दोरी ओवायच्या घुंड्या दोन, आणि त्याही मध्यभागी नाहीत.

खरा फरक मात्र दुसऱ्या बाजूला आहे. लहान चिनी आरशाचा दर्शनी भाग किंचित फुगीर ठेवत, म्हणजे लहान आरशातही सबंध चेहरा मावतो. ११व्या शतकातल्या शन कुओ या चिनी विद्वानाने हे कारण नोंदवून ठेवले आहे. या जुन्या कोरियन आरशांचा दर्शनी भाग उलट आत वळलेला. तो उन्हात धरला तर प्रकाश एकवटतो. वेणीफणीसाठी असा आरसा कोणी घडवणार नाही. तो धर्मविधीत वापरत असावेत, हे अभ्यासकांचे मत म्हणूनच पटते. मग त्याला शोभेची वस्तू म्हणायचे कशाच्या आधारावर?

पुढे गोर्यो काळात कोरियात चिनी आरशांच्या नकला झाल्या, हे खरे. तयार आरशावरूनच साचा घेत. धातू थंड होताना आकसत असल्याने नक्कल मुळापेक्षा थोडी लहान आणि पुसट निघे. पण त्या नकलांचा शिक्का हजार-दीड हजार वर्षे आधीच्या ओताऱ्यांच्या कपाळी मारण्याचे कारण नाही.

संग्रहालयांच्या पाट्यांवर व्यास असतो, शतक असते, नक्षीचे नाव असते. तिथेच आणखी एक ओळ घालावी: दर्शनी भाग फुगीर की खोलगट. आणि शेजारी त्या बाजूचा एक फोटो लावावा, हिरवा पडलेला असला तरी.