विश्लेषण : ‘हवेत गोळीबार’ झाला, मग गोळी गेली कुठे?

डहाणू-तलासरीत हल्ली ‘बुलेट’ म्हटले की लोकांना आधी रेल्वे आठवते आणि तिच्यासाठी गेलेली जमीन. पण खऱ्या बुलेटशी, म्हणजे बंदुकीच्या गोळीशी, या भागाचे नाते त्याहून जुने आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरी परिसरातील तलवाडा येथे जमलेल्या हजारो वारली शेतकऱ्यांवर ब्रिटिश राजवटीतील पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथील परिषदेत वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध एल्गार झाला होता. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या लढ्याची हकिकत लिहिली. तलवाड्याच्या हुतात्म्यांना दर वर्षी १० ऑक्टोबरला अभिवादन केले जाते.

गोळीबार म्हटला की आपण दोनच गोष्टी विचारतो: कोणी केला आणि किती जण गेले. गोळी किती दूर जाते, वाटेत तिचे काय होते आणि ती कुठे थांबते, हे फारसे कोणी विचारत नाही. त्यामुळेच ‘पोलिसांनी हवेत गोळीबार केला, जीवितहानी नाही’ हे वाक्य आपण निर्धास्तपणे छापतो आणि वाचतो. यात आम्ही वर्तमानपत्रवालेही आलो.

गोळी सरळ जाते का?

नाही. तिरकामठा हाती धरलेल्या वारली मुलाला हे शाळेत न जाताही ठाऊक असते. लांबच्या खुणेवर बाण मारायचा तर नेम थोडा वर धरावा लागतो, कारण बाण सुटल्या क्षणापासून खाली येऊ लागतो. गोळीचेही तेच होते. फक्त वेग इतका असतो की हे खाली येणे डोळ्यांना दिसत नाही. बाण सरळ राहावा म्हणून त्याला पिसे लावतात. रायफलच्या नळीत त्यासाठी आतून पिळदार खाचा पाडलेल्या असतात. त्यांतून बाहेर पडताना गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि तिचे टोक पुढेच राहते.

ब्रिटिश लष्कराची आणि नंतर कित्येक वर्षे आपल्या पोलिसांची ओळख बनलेली .३०३ रायफल घेऊ. तिची नेहमीची गोळी ११ ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर असतो, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून जास्त. एका सेकंदात ती स्वतःभोवती जवळपास तीन हजार वेळा फिरते. तरीही ३०० मीटरवर पोहोचेपर्यंत ती नळीच्या रेषेपासून साधारण एक मीटर खाली आलेली असते. ६०० मीटरवर हाच फरक पाच मीटरच्या घरात जातो. अंतर दुप्पट होते, पण घसरण जवळपास पाचपट होते, कारण मधल्या हवेने गोळीचा वेग खाल्लेला असतो.

त्यात वारा. डहाणूच्या किनाऱ्यावर दुपारी ताशी १५ किलोमीटरने खारा वारा आडवा वाहत असेल, तर ३०० मीटरवर ही गोळी वीतभर बाजूला सरकेल आणि ६०० मीटरवर मीटरभराहून जास्त. आठ-नऊशे मीटरनंतर तिचा वेग आवाजाच्या वेगाखाली उतरतो आणि ती डगमगू लागते. तिथून पुढे ती नेमकी कुठे लागेल, याची खात्री उत्तम नेमबाजही देऊ शकत नाही.

या सगळ्या गोष्टींचा हिशेब ठेवणे म्हणजेच नेमबाजी. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर रुंद असते. त्यात वापरली जाणारी .२२ची गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची आणि आवाजापेक्षा किंचित कमी वेगाची. उघड्या रेंजवर सेकंदाला एक मीटर वेगाची आडवी झुळूकही तिला ढोबळमानाने पाच मिलिमीटर बाजूला नेते. इतका सूक्ष्म हिशेब करणाऱ्या या खेळातही लक्ष्याच्या मागे गोळी अडवणारी पक्की व्यवस्था असल्याखेरीज एकही फैर झाडू देत नाहीत.

नेम संपतो, गोळी संपत नाही

इथे ‘पल्ला’ हा शब्द घोटाळा करतो. नेम धरून मारण्याचा पल्ला वेगळा आणि गोळी प्रत्यक्ष जाऊन पडण्याचा पल्ला वेगळा. .३०३ची गोळी तीस-पस्तीस अंशांच्या कोनात वर सोडली, तर ती तीन किलोमीटरच्या आसपास जाऊन पडते. डहाणू रोड स्टेशनातून उतरून माणूस समुद्रापर्यंत जेवढा चालतो, त्याहूनही लांब. खेळाची समजली जाणारी .२२ची गोळीही दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. तिच्या खोक्यांवर तसा इशारा छापलेला असतो.

अगदी सरळ वर मारली तर? पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने हे करून पाहिले. परत खाली येणाऱ्या रायफलच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ९० मीटर निघाला. माणसाची कातडी फुटायला ६०-७० मीटर पुरतात. पण गडबडीत, खांद्याला बंदूक लावून कोणीही नव्वद अंशांत गोळी मारत नाही; ती तिरपीच जाते. तिरपी गोळी टोक पुढे ठेवून, याहून अधिक वेगाने खाली येते. ती पडते तिथे जमाव नसतो. तिथे कोणी चिकूच्या वाडीत काम करत असते, कोणी अंगणात भात वाळवत असते.

म्हणूनच पोलिसांच्या जमाव-नियंत्रणाच्या आदर्श नियमांत इशाऱ्यादाखल हवेत किंवा जमावाच्या डोक्यावरून गोळ्या झाडण्यास मनाई आहे. गोळीबार अटळच झाला, तर नेम खाली ठेवावा, असे सांगितले जाते. वाचताना हे क्रूर वाटते. त्यामागचा विचार असा की, ज्याचा काही संबंध नाही असा दूरचा माणूस मरू नये. अर्थात खाली नेम धरल्याने धोका मिटत नाही. डांबरी रस्त्यावर, कातळावर किंवा पाण्यावर कमी कोनात आदळलेली गोळी उसळून पुढे जाते, तीही वेडीवाकडी होऊन.

लांब पल्ल्याची बंदूक, हाकेच्या अंतरावरचा जमाव

मूळ दुखणे हत्याराच्या निवडीत आहे. जी गोळी ६०० मीटरवर शत्रूला टिपण्यासाठी घडवली, ती ५० मीटरवर जवळजवळ पूर्ण वेगात असते. समोरच्या माणसातून आरपार जाऊन मागच्यालाही लागण्याइतके बळ तिच्यात उरते. इंग्रजांना हे चांगले कळत होते. इशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींच्या नळ्या आतून कोरून गुळगुळीत केल्या गेल्या आणि पहारेकरी व पोलिसांसाठी कमी पल्ल्याची .४१० मस्केट तयार झाली. कमी पल्ल्याची बंदूक बनवता येते, हे म्हणजे माहीत नव्हते असे नाही.

आजचा धोका पोलिसांपुरता नाही. लग्नात, मिरवणुकीत बंदूक वर करून फैरी झाडण्याची हौस देशात अनेकांचे जीव घेऊन बसली. २०१९ मध्ये शस्त्रास्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आता आनंदाच्या भरात, इतरांचा जीव धोक्यात घालून केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

पोलिसांच्या बाबतीत मात्र ‘हवेत’ या एका शब्दावर चौकशी थांबू नये. बंदूक कोणती होती, नळीचा कोन किती होता आणि त्या दिशेला तीन किलोमीटरपर्यंत कोणते पाडे आहेत, हे तीन प्रश्न बातमीदाराने आणि दंडाधिकाऱ्याने विचारलेच पाहिजेत. पुंगळ्या बंदूक चालवणाऱ्याच्या पायाशी पडतात, त्यामुळे पंचनाम्यात त्या मोजल्या जातात. गोळ्या जिथे पडल्या, त्या पाड्यांवरही पंच गेले पाहिजेत.