वेष्टनातली न्याहारी

फुलपाड्याहून पहाटे विरार स्टेशन गाठणाऱ्या चाकरमान्यांना न्याहारीला वेळ नसतो, हे मान्य. म्हणून पिशवीत एनर्जी बार टाकला जातो. उपाशी राहण्यापेक्षा बरा, एवढेच त्याचे कौतुक! वेष्टनाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. साखर किंवा ग्लुकोज सिरप पहिल्या दोन-तिनांत दिसले, तर ती मिठाईच समजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. म्हणजे जेमतेम पाच-सहा लहान चमचे, चहासकट!

आपल्या वसईची सुकेळी आठवतात? राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली. गोड तीही, पण वरून साखर नाही. एक सुकेळे आणि मूठभर भाजलेले चणे लोकलमध्ये उभ्यानेही खाता येतात. मधुमेहींनी मात्र नुसते चणेच न्यावेत.