अंगाईतील भय कोणाचे? स्पॅनिश बालगीतांच्या शुद्धीकरणाविषयी

बालगीतांचा विषय निघाला की भलेभले समीक्षक आपली हत्यारे उंबरठ्याबाहेर ठेवून आत येतात. एरवी संहितेतील प्रत्येक मौनाला जाब विचारणारा अभ्यासक येथे निरागसता, वात्सल्य, नादमाधुर्य एवढ्यावर समाधान मानतो. स्पॅनिशमधील पारंपरिक बालगीतांविषयीचे बरेचसे लेखन या सैलपणाचा नमुना आहे. ही गाणी लहान मुलांना ऐकवावीत, असे सारेच म्हणतात. कोणती, असे विचारले की 'वयाला साजेशी' हे उत्तर मिळते. या 'साजेशी'त एक संपूर्ण वाङ्मयीन भूमिका दडलेली आहे आणि ती चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे.

अमेरिकेत लुलू देलाक्रे (१९८९), होसे-लुईस ओरोस्को (१९९४), आल्मा फ्लोर आदा व इसाबेल काम्पॉय (२००३) यांनी द्विभाषिक संग्रह सिद्ध केले, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियात १९९८ साली सार्वमताने द्विभाषिक शिक्षणावर आणलेले निर्बंध २०१६ साली उठले. अशा काळात मुलाच्या तोंडी आजीचे गाणे असणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु गाणे वारशाचे निशाण झाले की ते स्वच्छ, इस्त्री केलेलेच हवे असते. आदा-काम्पॉय यांच्या संग्रहातील इंग्रजी रचना ही रूपांतरे असल्याचे तो संग्रह प्रांजळपणे सांगतो. आक्षेप त्यावर नाही. समोरासमोरच्या दोन पानांवर 'एकच गाणे दोन भाषांत' पाहणाऱ्या आणि त्यातून बाल्याच्या वैश्विकतेचा सिद्धान्त काढणाऱ्या समीक्षेवर आहे.

शुद्धीकरणाचा पहिला बळी 'कोको'. न झोपणाऱ्या मुलाला खाऊन टाकणारा हा स्पॅनिश बागुलबुवा. (आपल्या किनाऱ्यावरच्या नारळाला पोर्तुगीजांनी हेच नाव दिले. बायका मुलांना ज्याने भिववतात त्याचे हे नाव, असे झुआंव द बारुश या इतिहासकाराने १५६३ साली नोंदले आहे.) मुलाला भीती घालू नये, हा आक्षेप आधुनिक बालमानसशास्त्राचा शोध आहे, अशी समजूत दिसते. गोयाने १७९९च्या 'काप्रिचोस' चित्रमालिकेतील तिसरे चित्र याच विषयाला दिले आणि या अपप्रथेवर कोरडे ओढले. पण गोया केवळ उपदेशक नव्हता. त्या चित्रात मुले भेदरून आईला बिलगली आहेत आणि आईची दृष्टी समोरच्या बुरखाधारी आकृतीकडे लागली आहे. भय मुलांचे, परंतु त्या आकृतीशी काहीतरी नाते आईचे आहे. प्रबोधनाच्या ऐन भरात चित्रकाराने जे पाहिले ते आजच्या संपादकांना दिसत नाही.

अंगाईला श्रोते दोन असतात. एकाला शब्द कळत नाहीत, आणि दुसरी श्रोती स्वतः गाणारीच असते. फेदेरिको गार्सिआ लोर्का यांनी १९२८ साली माद्रिदच्या 'रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस' येथील व्याख्यानात हीच गाठ सोडवायला घेतली होती. ही गाणी ज्या गरीब स्त्रियांनी रचली त्यांना मूल हा पुष्कळदा न पेलवणारा भार होता. त्याच स्त्रियांनी दाया आणि मोलकरणी होऊन ती श्रीमंतांच्या घरांत नेली. कोकोचे सामर्थ्य त्याच्या अस्पष्टपणात आहे, हेही निरीक्षण त्यांचेच. लोर्कांच्या विवेचनात स्पेनच्या विषण्णतेचे गौरवीकरण आहे, ते मला मान्य नाही. दारिद्र्याला राष्ट्रीय स्वभाव म्हटले की त्याचा जाब कोणाला विचारायचा हे उरतच नाही. तथापि गाणारीचा वर्ग त्यांनी नजरेआड केला नाही. गाब्रिएला मिस्त्राल यांनी 'तेर्नुरा'च्या १९४५च्या आवृत्तीला जोडलेल्या उपसंहारात तर अंगाई ही आईने स्वतःलाच दिलेली वस्तू असल्याचे सुचवले. हे मान्य केले, तर 'वयाला साजेशी' या निकषात कोणाचे वय धरायचे?

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आताहुआल्पा युपान्की यांनी व्हेनेझुएला-कोलंबिया सीमेवरच्या भागातून मिळवलेले 'दुएर्मे नेग्रितो'. गाणारी मुलाची आई नव्हे. आई शेतावर राबते आहे. ती खाऊ आणील, असे आमिष आधी. मग झोपला नाहीस तर गोरा सैतान येऊन पाय खाईल, अशी धमकी. आणि मग, जणू मूल झोपले असावे म्हणून, आवाज उतरतो: आई खोकते आहे, राबते आहे, तिला मजुरी मिळत नाही. येथे कोकोला रंग आहे. सैतान काढून टाका, मुलाची झोप सुखाची होईल. पण मळ्याचा मालकही निसटेल. धमकी आणि तक्रार या दोन वेगळ्या ओळी नाहीत, एकाच अनुभवाच्या दोन बाजू आहेत, एक मुलाला कळेल अशी आणि एक त्याला अजून न कळणारी. ते गाणे पुन्हा ओठांवर येते तेव्हा मूल मोठे झालेले असते. मौखिक परंपरा साठवणुकीचे काम असे करते. कापलेल्या गाण्यात साठवायला काही उरत नाही.

'आर्रोस कोन लेचे'विषयीचा आक्षेप वेगळा आणि अधिक रास्त आहे. शिवणटिपण येणारी वधू मागणारे हे फेर धरण्याचे गाणे मुलींना काय शिकवते, हा प्रश्न खराच. त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या आहेत. पण खेळगीत म्हणजे पाठ्यपुस्तकातील धडा नव्हे. रिंगणात उभे राहून निवड करणारे मूल ती मागणी उच्चारतेही आणि तिची टर उडवतेही. खेळातील उच्चार हा आज्ञापालनाचा उच्चार नसतो. हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी मार्ग मोकळा आहे, आणि तो मारिया एलेना वॉल्श यांनी दाखवला. १९५०च्या दशकात लेदा व्हायादारेस यांच्या साथीने पारंपरिक गाणी गात हिंडलेल्या या अर्जेंटिनी कवयित्रीने १९६० साली 'तुतू मराम्बा' प्रसिद्ध केले, ते जुन्या गाण्यांची डागडुजी करून नव्हे, तर स्वतःची तऱ्हेवाईक, उफराटी गाणी लिहून. जुने पारंपरिक राहिले, नव्याखाली नवी सही आली. शुद्धीकरण करणारे नेमकी ही सही टाळतात. बदल आपला, आणि नाव आजीचे.