शोभेची कडी

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपल्या मंडळींत अलीकडे एक हौस बळावली आहे. गावचा वाडा विकला जातो, दारे मोडीत निघतात, आणि त्यांतली एखादी कडी घासूनपुसून दिल्लीच्या वा भोपाळच्या दिवाणखान्यात भिंतीवर चढते. पाहुण्यांना ती ‘आमचा वारसा’ म्हणून दाखविली जाते. या कौतुकास माझा स्वच्छ विरोध आहे. दारावेगळी कडी म्हणजे निव्वळ लोखंड होय.

कडी-कोयंडा ही नक्षी नव्हे, युक्ती आहे. कोयंड्याचे दोन्ही पाय लाकडातून आरपार घालून मागे वळवीत. म्हणून तो ओढून निघत नसे. आजचा बोल्ट चार-सहा आखूड स्क्रूंवर तग धरतो आणि जोराचा धक्का बसला की भुशासकट बाहेर येतो. अडसराचा विचार तर याहून खोल. दार उघडे असता ते जाड चौकोनी लाकूड भिंतीतल्या पोकळीत सरकून बसे. रात्री ओढून समोरच्या भिंतीच्या खोबणीत घातले, की बाहेरचा रेटा थेट दोन्ही भिंतींवर जाई. दाराला एक स्क्रू नाही! आपल्या पिढीला हा शब्द ठाऊक तो केवळ सरकारी टिपणीमुळे; तेथे अडसर नेहमी ‘दूर’ होत असतो.

दिवसभर घर बंद करून कचेरीत जाणाऱ्यास अडसर काय कामाचा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. अडसर आतूनच लागतो. सरकारी निवासाच्या दाराला हात लावता येत नाही, हेही मान्य. पण निवृत्तीनंतर पुण्या-नाशकात स्वतःचे घर घेणारे गृहस्थ काय करतात? दाराला चकचकीत बोल्ट, आणि आजोबांची कडी दूरदर्शनसंचाच्या वर!

हे पाप एकट्या मराठी माणसाचे नव्हे. चेट्टिनाडातल्या मोडलेल्या घरांची दारे व कड्या कारैकुडीच्या बाजारात विकावयास असतात. उलट, अहमदाबादच्या जुन्या शहरास युनेस्कोने २०१७ साली जागतिक वारसा ठरविले, ते पोळांतल्या राहत्या घरांसह. सांकळ तेथे दाराला असते, म्हणून तिला किंमत.

आजचे दार पातळ आहे ही सबबही टिकत नाही. मागे पत्र्याची चकती देऊन कोयंड्याचे पाय वळविता येतात. हाताशी लोहार असला म्हणजे झाले. तेव्हा ती कडी भिंतीवरून उतरवा आणि निदान मागच्या दाराला लावा.