उत्तेजनार्थ की बोळवण?

इंग्रजीत 'कन्सोलेशन प्राइज', हिंदीत 'सांत्वना पुरस्कार'. दोन्हीकडे हरलेल्याचे डोळे पुसायची सोय. मराठीत सांत्वनाला आपण कुणी गेलं की जातो. स्पर्धेत पहिल्या तिघांनंतरच्याला मात्र आपण 'उत्तेजनार्थ' देतो. सांत्वन घडून गेलेल्या गोष्टीचं असतं, उत्तेजन पुढच्या प्रयत्नासाठी. इतका चांगला शब्द आपल्याकडे आहे आणि आपण तो वाया घालवतोय.

कारण प्रत्यक्षात हातात काय पडतं? नाव चुकलेलं प्रमाणपत्र आणि विरळ टाळ्या. कुठे कमी पडलो, हे परीक्षक सांगत नाहीत. ऑफिसात प्रमोशन हुकतं, त्याऐवजी कौतुकाचा मेल आणि पाचशेचं व्हाउचर येतं. मंत्रिपद हुकलेल्या आमदाराला महामंडळ मिळतं. याला मराठीत दुसरा चोख शब्द आहे: बोळवण. बोळवण करणाऱ्याला समोरच्याने पुन्हा यायला नकोच असतं. त्याने गप्प घरी जावं, एवढंच हवं असतं.

काहीजण म्हणतात, ही बक्षिसंच बंद करा, पोरं लाडावतात. मला हे पटत नाही. बक्षिसाने कुणी लाडावत नाही. पोकळ बक्षीस मात्र मुलांना लगेच ओळखू येतं.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीत खाशाबा जाधव सहावे आले. पदक नाही. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सहाव्या आलेल्या माणसावर कुणीतरी घर लावलं. उत्तेजन म्हणतात ते याला.

प्रत्येकाने घर गहाण टाकावं असं नाही. पण आम्ही डेव्हलपर लोक एकमेकांचा कोड परत पाठवताना कुठल्या ओळीत काय चुकलंय ते लिहून पाठवतो. नुसतं 'छान प्रयत्न' लिहिलं तर त्याला रिव्ह्यू म्हणत नाहीत. परीक्षकांनी आणि मॅनेजरांनी तेवढं तरी करावं. पाच ओळींचा अभिप्राय द्या, पुढच्या वर्षीची प्रवेश फी माफ करा, एखादा शिकवणारा गाठून द्या.

एवढंही जमणार नसेल तर प्रमाणपत्रावर सरळ 'बोळवण' असं छापा. निदान शब्द तरी खरा असेल.