थांबा कोणी मागायचा?

गणपतीपुळ्याला जाण्याचा बेत आमच्या शिराळ्याच्या घरी ठरला, तेव्हा देवदर्शन आणि समुद्र यांविषयी सर्वांचे एकमत होते. वाद झाला तो वाहनावरून. सत्त्याहत्तर वर्षांचे वडील म्हणाले, "एसटीनेच जाऊ. मला तिकीट नाही, तुझ्या आईला अर्धे." मी म्हणत होतो, गाडी भाड्याने करावी. कोल्हापूरहून थेट कोकणात उतरणारी रेल्वे नाही. तेव्हा आंबा घाट उतरायचा तो या दोहोंपैकी एकाने.

वडिलांचा हिशेब चुकीचा नव्हता. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही तीच सवलत मिळते. शिवाय आपला भार मुलाच्या खिशावर नाही, हे समाधान वृद्ध मनाला मोठे असते. ते आपण हसण्यावारी नेऊ नये. त्या वर्षी आम्ही एसटीनेच गेलो.

रत्नागिरीच्या स्थानकावर उतरताना वडिलांना भोवळ आली. बाकावर बसवून पाणी दिले, तेव्हा उलगडा झाला. पहाटेपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता आणि रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी गोळीही परस्पर चुकवली होती. प्रोस्टेटच्या त्रासामुळे त्यांना वारंवार जावे लागते, आणि बस आपल्यासाठी कोण थांबवणार, ही धास्ती! दोष बसचा नव्हता. आम्ही भाड्याचा हिशेब केला होता, शरीराचा केला नव्हता.

पुढच्या वर्षी गाडी केली. कोकरूड मागे पडले, मलकापूर जवळ आले, तरी वडिलांच्या हातातली बाटली भरलेलीच. आता गाडी आपली होती, तरी 'माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा' हा संकोच तोच होता. तेव्हा मी मोठ्याने सांगून टाकले, "मलकापूर, आंबा, साखरपा आणि पाली, चारही ठिकाणी सर्वांनी उतरायचे. मलाच पाय मोकळे करायचे आहेत." थोड्या वेळाने बाटलीचे झाकण उघडल्याचा आवाज आला.

वाचकहो, वाहन निवडताना पहिला प्रश्न पैशांचा नसावा. थांबा कोणाच्या हाती आहे आणि तो कोणी मागायचा, हा असावा. ज्यांना वारंवार लघवीला जावे लागते, घाटात मळमळते किंवा एसटीची उंच पायरी गुडघ्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी गाडी बरी. प्रकृती ठीक असेल, आसन आधी राखून ठेवले असेल आणि सोबत कोणी असेल, तर एसटी उत्तम. मात्र मागच्या चाकांवरची व त्यामागची आसने टाळावीत. तेथे धक्के अधिक बसतात. मधला मार्गही आहे. रत्नागिरीपर्यंत एसटी, तेथे एक रात्र विश्रांती, आणि पुढचे आरे-वारेमार्गे सुमारे पंचवीस किलोमीटर रिक्षाने किंवा टॅक्सीने.

गाडी ठरवताना ज्येष्ठांना तीत एकदा बसवून उठवून पाहावे. आसन फार खोल असले तर उठणे कठीण, फार उंच असले तर चढणे कठीण. दिवसाचे किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल आणि मुक्कामाचे पैसे आधीच लिहून घ्यावेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तास किंवा अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मूळ धोका अल्प आहे, सुमारे सहा हजारांत एक. पण पूर्वी गुठळी झालेल्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. इतरांनी बसल्या बसल्या घोटे फिरवावेत आणि दर दीड-दोन तासांनी चार पावले चालावे. औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत सोडू नये. लघवीच्या गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारूनच. मळमळीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते आणि प्रोस्टेटच्या रुग्णांची लघवी अडू शकते. त्याही मनाने घेऊ नयेत.

पुळ्याला टेकडीभोवतीची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची आहे. वडिलांनी ती तीन ठिकाणी टेकून पूर्ण केली. प्रत्येक वेळी आधी मीच बसलो. त्यांना थांबा मागावा लागला नाही.