वाचणारा कोण?

मराठीच्या परीक्षेत पत्रलेखनाचा प्रश्न आला की काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. प्रश्न पुरता वाचण्याआधीच कोपऱ्यात तारीख पडते, मग पाठ केलेला मायना येतो, त्याखाली 'पत्र लिहिण्यास कारण की' एवढे उमटते आणि पेन थांबते. मुले म्हणतात, आमचे मराठी कच्चे आहे. मला हे कारण पुरेसे वाटत नाही, कारण उर्दूतून पत्र लिहितानाही पुष्कळ मुले त्याच जागी अडतात. आपण कोणाशी बोलत आहोत, हेच त्यांनी ठरवलेले नसते.

बोलताना तुम्ही असे अडत नाही. नानी आजारी पडली तर गावी असलेल्या मामूंना तुम्ही सांगता, "काळजी करू नका, आता बरी आहे." डॉक्टरांना मात्र सांगता, "काल रात्रीपासून ताप आहे, दोनदा उलटी झाली." आजार एकच, पण मामूंना धीर हवा आहे आणि डॉक्टरांना माहिती. समोर माणूस असला की हे आपोआप जमते. कागदावर माणूस दिसत नाही, म्हणून लिहायला बसण्याआधी तो डोळ्यांसमोर आणावा लागतो. माझ्या मते लेखनाचे निम्मे काम इथेच होते आणि शाळेत नेमके हेच काम सर्वांत कमी शिकवले जाते.

समजा, तुमच्या गल्लीतील नळाला आठ दिवस पाणी आलेले नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, "बेटा, शाळेत मराठी शिकता ना? मग नगरपालिकेला अर्ज लिहा." तुम्ही उत्साहाने सुरुवात करता, 'पाणी हे जीवन आहे. पाण्याविना मनुष्य जगू शकत नाही.' वाक्ये शुद्ध आहेत, निबंधात गुणही मिळतील. पण हा अर्ज वाचणार कोण? प्रथम तो आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर जाईल. त्याच्यापुढे कागदांचा ढीग असतो. तो फक्त 'विषय' वाचतो, अर्ज कोणत्या विभागाचा ते पाहतो, शिक्का मारतो आणि तुम्हाला पोच देतो. तिथून अर्ज पाणीपुरवठा विभागातील अभियंत्याकडे जाईल. पाणी म्हणजे जीवन हे त्याला तुमच्याकडून शिकायचे नाही. त्याला हवे आहे ते वेगळेच. गल्ली कोणती? जवळची खूण कोणती, मशीद की पिठाची गिरणी? पाणी कोणत्या तारखेपासून बंद आहे? सगळ्या गल्लीत बंद आहे की शेवटच्या दहा घरांत? पुढच्या गल्लीत येते का? कारण शेवटच्याच घरांना पाणी मिळत नसेल तर दोष दाब कमी असण्याचा असू शकतो, आणि सगळ्या गल्लीत थेंबही नसेल तर कुठे तरी नळमार्ग फुटला किंवा तुंबला असेल. तुमच्या एका वाक्यावरून, माणूस कुठे पाठवायचा हे त्याला ठरवता येते. 'आमची गल्ली फार दुःखी आहे' या वाक्यावरून ते ठरवता येत नाही.

म्हणजे असा अर्ज लिहिण्यासाठी आधी उठून गल्लीत चक्कर मारावी लागते. घरोघरी विचारावे लागते. पेन त्यानंतर. (हे ऐकून काही जणांना निबंधच बरा वाटेल!)

वाचकाला मोजकेच हवे असते, ही गोष्ट सरकारनेही कागदावर आणली आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. या कायद्याखालील अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे दीडशे शब्दांत असावा, असा नियम महाराष्ट्राने २०१२ साली केला. तो नियम योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, परंतु दीडशे शब्दांत नेमके मागता येणे हे कौशल्य आहे खरे.

आता शब्दांकडे वळू. तुम्हा उर्दू शिकणाऱ्या मुलांची इथे सोय आहे आणि फसगतही. अर्ज, तारीख, हजर, वकील, दुकान, खर्च असे कितीतरी शब्द दोन्ही भाषांत आहेत. पण सगळे शब्द दोन्ही घरी एकाच स्वभावाने राहत नाहीत. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव, आणि मराठीत कोणी प्रयत्नांची शिकस्त केली तर त्याने कमालीची मेहनत घेतली असा अर्थ होतो! उर्दूत 'मजकूर' म्हणजे ज्याचा उल्लेख झाला ते, मराठीत मजकूर म्हणजे लिहिलेली बाब. शब्द तुम्ही कोणत्या अर्थाने लिहिला यापेक्षा वाचणारा कोणता अर्थ घेईल, हे पाहणे अधिक गरजेचे. त्याच्या घरी त्या शब्दाला काय म्हणतात ते विचारूनच शब्द पाठवावा.

मिर्झा गालिब यांची पत्रे तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचता. त्यांच्या काळी पत्राच्या आरंभी लांबलचक अल्काब लिहिण्याची पद्धत होती. गालिब यांनी मित्रांना आणि शागिर्दांना लिहिताना ती बाजूला सारली आणि 'मियाँ', 'भाई' अशी हाक मारून सरळ गप्पा सुरू केल्या. त्यांच्या उर्दू पत्रांचा संग्रह 'ऊद-ए-हिंदी' १८६८ साली छापला गेला. एवढे सर्वांना माहीत असते. पण रामपूरच्या नवाबांना लिहिताना याच गालिब यांनी अदब आणि अल्काब सांभाळले, हे सहसा कोणी सांगत नाही. गालिब दोन नव्हते, वाचणारे दोन होते.

मराठीत महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण घ्या. १८६९ साली त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पवाडा छापला. तो शेतकरी व कष्टकरी लोकांच्या उपयोगी पडावा हा त्यांचा हेतू होता, म्हणून मोठमोठे संस्कृत शब्द आपण टाळले आहेत, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले. जे लोक पुस्तक वाचत नाहीत ते पवाडा ऐकतात, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. या पुस्तकातील मुख्य भाग मराठीत असून तो संवादरूप आहे. धोंडीबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरे देतात. त्याच पुस्तकाला एक प्रस्तावना मात्र इंग्रजीत आहे. बहुजनांच्या शिक्षणाकडे सरकारचे दुर्लक्ष होते, ही तक्रार तिच्यात आहे, आणि ती ज्यांनी ऐकायला हवी ते राज्यकर्ते इंग्रजी वाचणारे होते. एकाच पुस्तकात दोन वाचकांसाठी दोन दरवाजे!

यावर कोणी विचारील, वाचक पाहून लिहायचे म्हणजे ज्याला जे गोड वाटते तेच लिहायचे का? मुळीच नाही. जोतीरावांनी इंग्रज अधिकाऱ्यांना गोड वाटावे म्हणून तक्रार सौम्य केली नाही. त्यांनी भाषा बदलली, म्हणणे बदलले नाही. खुशामत करणाऱ्याला वाचकाच्या गरजेशी काही देणेघेणे नसते, त्याची नजर स्वतःच्या फायद्यावर असते. नळाच्या अर्जात अभियंत्याच्या कर्तव्यदक्षतेचे गुणगान लिहून पाणी येत नाही, आणि त्याला शिव्या लिहूनही येत नाही.

आणखी एक वाचक राहिला. शेजारच्या खालांच्या नावाने तुम्ही रेशनकार्डाचा अर्ज लिहिता. अक्षरओळख नसल्यामुळे त्या अंगठा लावतात. अर्ज त्यांचा आहे, शब्द तुमचे आहेत. पुष्कळदा घाईत कागद पुढे सरकवला जातो आणि "इथे अंगठा लावा" म्हणून सांगितले जाते. असे करू नका. आधी सगळा अर्ज त्यांना समजेल अशा भाषेत, उर्दूत किंवा घरात जी बोली असेल तिच्यात, सावकाश सांगा. कदाचित त्या मध्येच थांबवून म्हणतील, "अरे, पण मुन्नीचं नाव राहिलं की!" मग ते नाव घाला, अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून काढा आणि शाईचा पॅड नंतर उघडा.